नाशकात नवे आलात? सणांची वाट अशी धरा

दर वर्षी धुळवडीला एक गंमत दिसते. पाथर्डी फाट्याच्या नाहीतर गंगापूर रोडच्या नव्या सोसायटीतून कुणीतरी पांढरा कुर्ता घालून रंग खेळायला जुन्या नाशकात येतं, आणि तिथे रंगाचा पत्ताच नसतो. उलट देवघरातले टाक हातात घेतलेली माणसं वाजतगाजत नदीकडे निघालेली असतात. रंग इथे आणखी चार दिवसांनी, रंगपंचमीला. नव्या माणसाचा नाशकातला पहिला गोंधळ बहुधा असाच होतो.

नोकरीनिमित्त, शिक्षणासाठी किंवा निवृत्तीनंतर हवापाणी चांगलं म्हणून इथे आलेल्यांना सण बघायचे असतात, पण कधी, कुठे आणि कसं जायचं ते कुणी नीट सांगत नाही. जुन्या नाशिककराला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. शिवाय इथले बरेचसे उत्सव एखाद्या आयोजकाचे नसतात. ते एखाद्या चौकाचे, तालमीचे किंवा मानकरी घराण्याचे असतात. त्यामुळे पत्रिका नाही, तिकीट नाही आणि वेळही 'दुपारनंतर' अशीच. म्हणून ही क्रमाने मांडलेली वाट.

पहिलं काम: भिंतीवर तिथीचं कॅलेंडर लावा

मोबाइलवरच्या सुट्ट्यांच्या यादीवर नाशकात भागत नाही. दारात मिळणारं साधं मराठी कॅलेंडर घ्या आणि त्यावर या तिथ्यांना खूण करून ठेवा: फाल्गुन वद्य पंचमी, चैत्र शुद्ध एकादशी, श्रावणातला तिसरा सोमवार, नवरात्र, कोजागिरी, वैकुंठ चतुर्दशी, पौष वद्य एकादशी. इंग्रजी तारखा दर वर्षी सरकतात आणि अधिक महिना आला की पुढचे सण चांगलेच लांबतात. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आला, म्हणून गणेशचतुर्थी थेट १४ सप्टेंबरला.

उत्तर भारतातून आलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तुमच्याकडचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, इथला अमावास्येनंतर. त्यामुळे तुमचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. गावाकडून फोन आला म्हणून त्या सोमवारी त्र्यंबकला गेलात, तर इथल्या हिशेबाने तो अजून आषाढच असतो.

तिथी कळली तरी वेळ आणि बंद रस्ते कळायला आदल्या दिवशीचा पेपर बघावा लागतो. मोठ्या मिरवणुकांआधी पोलीस वाहतुकीतले बदल जाहीर करतात आणि ते स्थानिक पानावर छापून येतात. ते वाचल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

दुसरं: सण नसताना दोन्ही काठ पायी फिरून घ्या

गोदावरीच्या एका बाजूला जुनं नाशिक: भद्रकाली, मेन रोड, सराफ बाजार, भांडी बाजार, तिवंधा, दिल्ली दरवाजा. दुसऱ्या बाजूला पंचवटी: काळाराम, कपालेश्वर, रामकुंड, शनि चौक, नागचौक. शहराचे जुने उत्सव या दोन काठांवरच घडतात. सिडको, इंदिरानगर, नाशिक रोडचे उत्सव आहेतच, पण पाळंमुळं इथली.

एखाद्या बुधवारी जा. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरलेला असतो, तेवढ्यात भाजी-मसाल्याची पिशवीही भरते. रविवार कारंजावरून निघा, होळकर पुलावरून पंचवटीत उतरा, कपालेश्वर आणि रामकुंड बघून घाटाने दुतोंड्या मारुतीपर्यंत या. पावसाळ्यात पुराची चर्चा याच मारुतीच्या उंचीवर चालते. पाणी कमरेला लागलं की छातीला, एवढं विचारलं तरी नाशिककराला नदी कळते. तिथून गाडगे महाराज पुलाच्या बाजूने जुन्या नाशकात परत. हा फेरा एकदा पायाखालून गेला की गर्दीच्या दिवशी कुठून शिरायचं आणि कुठून निसटायचं ते आपोआप कळतं. कुणी "गंगेवर भेटू" म्हणालं तर ते याच घाटाबद्दल बोलत असतात.

सणाच्या दिवशी गाडी आत नेण्याचा विचारही करू नका. सिटीलिंकची बस धरा, नाहीतर गाडी लांब लावून चालत या. गल्ल्या अरुंद आहेत, वाडे एकमेकांना खेटून आहेत आणि अडकलेली एक चारचाकी अख्खी मिरवणूक खोळंबवते.

तिसरं: फाल्गुनात धुळवडीला बघायचं, पंचमीला भिजायचं

धुळवड वीरांची. घराण्यातल्या वीरांचे टाक नदीवर नेऊन त्यांना स्नान घालायचं आणि वाजतगाजत घरी परत आणायचं, अशी ही रीत. लहान पोरांना देवादिकांचे, मावळ्यांचे वेश चढवून कडेवर घेतलेलं असतं. यातली मोठी मिरवणूक दाजिबा वीरांची, म्हणजे बाशिंगे वीरांची. ती जुन्या नाशकातून निघून रामकुंडाकडे जाते. वाटेत बाया ओवाळतात, नवस बोलतात, फेडतात. इथे रंग उडवू नका आणि फोटोसाठी वीरांची वाट अडवू नका. लोकांचं घरचं दैवत रस्त्यावर आलेलं असतं.

रंगपंचमीला मात्र रहाड. नाशिकबाहेरच्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागतो. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद, पेशवेकाळापासूनचा. वर्षभर तो बुजवलेला असतो. वर माती-फरशी, त्यावरून रिक्षा जातात, भाजीवाली बसते. खाली पुरुषभर खोल हौद आहे याचा मागमूस नसतो. पंचमीच्या काही दिवस आधी तो उघडतात, साफ करतात आणि पाण्याने भरतात. रंग पारंपरिक पद्धतीने फुलांपासून, कढईत उकळून केलेला. पूर्वी अशा बऱ्याच रहाडी होत्या, आता मोजक्याच उघडतात. पंचवटीत शनि चौकातली, नदीच्या अलीकडे दिल्ली दरवाजा आणि तिवंधा इथल्या नावाजलेल्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला: शनि चौकात गुलाबी, दिल्ली दरवाज्याला केशरी, तिवंध्याला पिवळा. संध्याकाळी रस्त्यात भेटलेल्या माणसाच्या मानेकडे बघून तो कुठे बुडी मारून आला ते ओळखता येतं.

दुपारी मानकऱ्यांच्या हातून पूजा होते, पहिली उडी पडते आणि मग चौक मोकळा सुटतो. उडी मारायची ती सुळकन खाली जाण्यासाठी नव्हे. अंग आडवं टाकून असं पडायचं की काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. हा धप्पा. चांगला धप्पा बसला की चौक ओरडून दाद देतो, फसला तर त्याहून मोठ्याने हसतो.

तयारी साधी आहे. जुने, अंगासरशी सुती कपडे घाला. सैल ओढणी नको, गळ्यात साखळी नको. अंगाला आणि केसांना आदल्या रात्री खोबरेल चोपडा. पाकीट, घड्याळ, किल्ल्या घरी ठेवा आणि फोन आणलाच तर न भिजणाऱ्या पिशवीत घालून काठावरच्या मित्राकडे द्या. चपला तर हमखास जातात, म्हणून जुन्याच घाला. पोहता येत असेल तरच उडी मारा, आणि आधीचा माणूस बाहेर आल्याशिवाय तर मुळीच नाही. काठ रंगाने निसरडा झालेला असतो आणि हौदात पायाला तळ लागेपर्यंत काही दिसत नाही. दम्याचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी काठावरच भिजावं. तेवढं पुरतं. पुड्यांमधला कोरडा रंग रहाडीत टाकला तर पोरं रागावतात, आणि बरोबरच आहे.

अलीकडे बऱ्याच मंडळांनी चौकात उंचावर फवारे आणि ध्वनिवर्धक लावून नाच सुरू केले आहेत. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना ते सोयीचं आहे. पण असा फवारा कुठल्याही शहरात मिळेल. पहिल्या वर्षी रहाडच बघा, निदान लांबून.

चौथं: चैत्रात पाडवा ते रथ

गुढीपाडव्याच्या आधीच्या दिवसांत गोदाघाटावर पाडवा पटांगणात महारांगोळी, ढोलांचं महावादन, शास्त्रीय गायन-नृत्याचे कार्यक्रम होतात. घाटाच्या पायऱ्यांवर जागा मिळते. पाडव्याच्या सकाळी वेगवेगळ्या भागांतून स्वागतयात्रा निघतात. तुमच्या भागातून निघते तिच्यातच चाला, शेजारी ओळखीचे होतील.

पाडव्यापासून काळाराम मंदिरात वासंतिक नवरात्र चालतं. रामनवमीला दुपारी बाराच्या जन्मसोहळ्याला आत शिरायचं तर सकाळीच पोहोचावं लागतं. पण मला विचाराल तर नवमीपेक्षा दोन दिवसांनी येणारी कामदा एकादशी सोडू नका. त्या संध्याकाळी दोन रथ निघतात, रामाचा आणि गरुडाचा. बैल नाहीत, इंजिन नाही. तालमीतली माणसं दोरखंडाने ओढतात. रामरथापुढे त्या वर्षीचे मानकरी बुवा पांढऱ्या पोशाखात, तोंड रामाकडे करून, उलट्या पावली चालतात. मागे न बघता, अख्खा मार्ग. हे एकदा जवळून बघावं.

उभं राहायचं कुठे? मंदिराच्या दाराशी रेटारेटी असते, तिथे नको. नागचौक किंवा काट्या मारुतीच्या अलीकडे एखाद्या दुकानाच्या पायरीवर जागा धरा. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात मात्र कधीही उभं राहू नका. रथ वळताना तिथे अंग चोरायलाही जागा उरत नाही. रामरथ नदी ओलांडत नाही, तो पंचवटीच्या बाजूलाच थांबतो. गरुडरथ पलीकडे जुन्या नाशकात जाऊन दिल्ली दरवाजा, मेन रोड, सराफ बाजार, भांडी बाजार असा फिरून येतो. म्हणजे वृद्ध आईवडील बरोबर असतील तर त्यांना मेन रोडवर एखाद्या ओट्यावर बसवा, देव त्यांच्यापुढून जाईल. रात्री उशिरा रामकुंडावर उत्सवमूर्तींना अवभृथ स्नान, म्हणजे उत्सवाच्या समाप्तीचं स्नान होतं. ते बघायचं तर जेवून या. दोर ओढणं मानाचं काम आहे, हौसेने मध्ये घुसून दोराला हात घालू नका.

याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. त्याच वर्षी रथ ओढण्याच्या हक्कावरूनही संघर्ष झाला आणि पुढे काही वर्षं लढा चालूच राहिला. रथाच्या गर्दीत उभं राहताना एवढं ठाऊक असलेलं बरं. रथाच्या आगेमागेच १४ एप्रिल येतो. त्या दिवशीच्या आणि आदल्या रात्रीच्या भीमजयंतीच्या मिरवणुकाही तितक्याच आवर्जून बघा.

पाचवं: गणपतीत बघ्याची भूमिका सोडा

शहराशी नातं जुळवायचं असेल तर गणेशोत्सव सगळ्यात सोपा, कारण इथे हात कमी पडतात. सोसायटीचा गणपती असेल तर वर्गणीची पावती फाडून मोकळे होऊ नका. मांडवाची, विसर्जनाची, प्रसादाची एखादी जबाबदारी मागून घ्या. नवं मंडळ काढत असाल तर रस्त्यावरच्या मांडवाला महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी लागते, सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाचीही. हे शेवटच्या आठवड्यावर ठेवलं तर रांगेतच चतुर्थी उजाडते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. काही ठरावीक दिवशीच बारापर्यंत मुभा असते आणि ते दिवस जाहीर होतात.

दुसरा रस्ता ढोल पथकाचा. नाशिक ढोल देशभर वाजतो, तो इथल्या मोकळ्या मैदानांवर घडतो. पावसाळ्यात पथकं नवे वादक घेतात आणि संध्याकाळी सराव सुरू होतो. अनुभवाची अट नसते, रोज येण्याची असते. मुली मोठ्या संख्येने असतात. पहिल्या आठवड्यात ढोल नव्हे, ताल शिकवतात, बहुतेकदा मांडीवर हात मारून. मग कमरेला जाड कापड गुंडाळून त्यावर ढोल बांधायचा, नाहीतर दोर कातड्यात रुततो. टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, धरणाऱ्या बोटांना चिकटपट्टी लावा, कानात कापूस घाला आणि पाणी पीत राहा. एवढं करूनही हात सुजतात, तेवढं धरूनच चालायचं. ज्यांना ताल जमत नाही त्यांच्या हाती ध्वज देतात. ते कमीपणाचं मुळीच नाही, ध्वज नाचवणाऱ्याचा दंड दुसऱ्या दिवशी वर होत नाही.

देखावे बघायला शालिमारजवळचं भालेकर मैदान, तिथे कारखान्यांच्या मंडळांचे देखावे मांडण्याची जुनी प्रथा. रविवार कारंजावर चांदीचा गणपती. अनंत चतुर्दशीची मुख्य मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते आणि भद्रकाली, मेन रोड, महात्मा गांधी रोड, अशोक स्तंभ, रविवार कारंजा करत होळकर पुलावरून पंचवटीत घाटाकडे उतरते. पथकांचं वादन नीट ऐकायचं तर अशोक स्तंभाच्या आसपास थांबा, रस्ता रुंद आहे. घरचा गणपती नदीत सोडायचा आग्रह नको. महापालिका जागोजाग कृत्रिम हौद आणि मूर्ती संकलन केंद्रं उभारते, तिथे आरती करून मूर्ती द्या.

सहावं: नवरात्र ते दिवाळी, थोडक्यात

नवरात्रात जुन्या आग्रा रोडवर ग्रामदैवत कालिकेची यात्रा भरते. पहाटेपासून बायकांच्या रांगा, संध्याकाळी पाळणे आणि खेळण्यांची गर्दी. दर्शनच घ्यायचं असेल तर कामाच्या दिवशी भर दुपारी जा. वैकुंठ चतुर्दशीला कपालेश्वर आणि सुंदरनारायण यांची हरिहर भेट होते, शिवाला तुळस आणि विष्णूला बेल. गाजावाजा नसलेला आणि म्हणूनच निवांत बघता येणारा हा उत्सव. दिवाळीत पाडव्याच्या पहाटे नेहरू चौकात पिंपळपारावर गाण्याची मैफल असते. अंधार असतानाच पोहोचा, पुढची बैठक पाच वाजताच भरते. छटपूजेला रामकुंड परिसरात उत्तर भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने येतात. त्या संध्याकाळी इतरांनी घाटावरची जागा त्यांना मोकळी सोडावी.

सातवं: शेजाऱ्यांचे सणही आपलेच

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिक रोडला बाळ येशूची यात्रा भरते. देशाच्या कानाकोपऱ्यातून भाविक येतात आणि रांगेत सगळ्या धर्मांचे लोक असतात. मोहरमला जुन्या नाशकात अळिवाचं बी रुजवून हिरवागार केलेला ताबूत असतो. त्याच्या दर्शनालाही हिंदू-मुस्लिम दोघं येतात. बडी दर्ग्याला जाताना डोकं झाका, चपला बाहेर काढा, फोटो विचारून काढा.

आठवं: शब्द आणि सूर

गर्दीचा कंटाळा असलेल्यांसाठी नाशिकचा हा दुसरा चेहरा. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला चालते. रोज संध्याकाळी एक वक्ता, प्रवेश मोफत, नदीवरचा वारा वेगळा. विषय न बघता दोन-तीन संध्याकाळ जाऊन बसा. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन. त्यांच्याच प्रतिष्ठानचा साहित्यातला जनस्थान पुरस्कार एक वर्षाआड दिला जातो, १९९१ पासून. पहिला विजय तेंडुलकरांना मिळाला होता. १८४० साली सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हा, म्हणजे तिथल्या कार्यक्रमांची खबर लागत राहते. नाटकांसाठी कालिदास कलामंदिर. पण राज्य नाट्य स्पर्धेतले हौशी प्रयोग साईखेडकर नाट्यगृहात चहाच्या पैशात बघायला मिळतात, आणि त्यातला एखादा तिकीट खिडकीवरच्या नाटकापेक्षा सरस निघतो.

नववं: गावाबाहेर जाताना

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी असते, सुमारे २० किलोमीटरची. लोक रविवारी रात्रीच चालायला लागतात. खासगी गाड्या बहुधा त्र्यंबकच्या अलीकडे खंबाळ्यालाच अडवतात, तेव्हा नाशकातूनच एसटीच्या जादा गाडीने जा. पायात पट्ट्याच्या चपला, डोक्यावर इरलं नाहीतर पातळ रेनकोट. छत्री चालत नाही, वारा उलटी करतो. पौष वद्य एकादशीला तिथेच संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि दिंड्या नाशकातून जातात. त्या वेळी त्र्यंबक रोडवर गाडी हळू चालवा आणि जमलं तर वारकऱ्यांना चहा पाजा.

वणीला सप्तशृंगीच्या गडावर नवरात्रात आणि चैत्रात गाडी वर नेता येत नाही. नांदुरीला उतरून एसटी धरावी लागते. कोजागिरीला कावडी घेऊन नदीचं पाणी नेणारे पायी गड चढतात. संक्रांतीला येवल्याचे पतंग तीन दिवस उडतात, मुक्काम करायचा तर ओळख काढून ठेवा. नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे. दुचाकीवर जात असाल तर गळ्याला जाड रुमाल बांधाच. होळीनंतर पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या आदिवासी पाड्यांवर बोहाडा होतो, रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात. तिथे कुणाच्या ओळखीनेच जावं, गावच्या पाटलांना नाहीतर पोलीस पाटलांना आधी भेटावं, आणि सोंग चढलेल्या माणसाच्या तोंडावर बॅटरीचा झोत मारू नये.

आणि सिंहस्थ, म्हणजे इथला कुंभमेळा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला जाहीर झालं आहे. स्नानाच्या दिवशी पंचवटी आणि त्र्यंबकची बाजू वाहनांना बंद राहणार हे गृहीत धरा. दूध, औषधं, गॅस आधी भरून ठेवा आणि गावाकडून येणाऱ्या पाहुण्यांना स्पष्ट सांगा: पर्वणीच्या दोन दिवस आधी या, नाहीतर दोन दिवसांनी.